पाकिटावरचं चित्र गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं कसं: किराणा आणि पानपट्टीवाल्यांसाठी

साताऱ्यात करंजे पेठेत आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्याशेजारी एक काचेचं कपाट, त्यात काडेपेट्या, बिडी, सिगारेट. वडील बसायचे तेव्हापासून ते तिथंच आहे. चारेक वर्षांमागं दिवाळीच्या तोंडावर मोटारसायकलवरून एक जण आला. पिशवीत विदेशी सिगारेटची पाकिटं. पांढरीशुभ्र, वर सोनेरी अक्षरं. कुठं धोक्याच्या इशाऱ्याचं चित्र नाही, लाल पट्टी नाही. मार्जिन नेहमीच्या दुप्पट. मी दहा-दहा पाकिटांचे दोन बॉक्स ठेवून घेतले. बिल मागितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गल्लीतलाच एक पोरगा आला. पाठीला दप्तर असायचं तेव्हापासून तो माझ्याकडून गोळ्या-बिस्किटं नेतोय. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानं कपाटातलं ते पाकीट बोटानं दाखवलं आणि विचारलं, "काका, ह्याच्यावर चित्र नाही. म्हणजे ही जरा कमी त्रासाची असते ना?"

माझे थोरले बंधू तोंडाच्या कॅन्सरनं गेले. शेवटचे चार महिने नळीतून पातळ भात घालायचो आम्ही. तरी त्या पोराला मी काही बोललो नाही, पाकीट काढून दिलं. पंधरा दिवसांनी तपासणी झाली, उरलेला माल जप्त झाला, मग कोर्टाच्या तारखा. ते सगळं मी भरून काढलं. तो प्रश्न मात्र अजून मनाला लागून आहे. चित्र छापतो कारखानदार, पण ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं जातं की नाही ते आपल्या कपाटावर ठरतं. त्यानंतर मी नियम नीट समजून घेतले आणि माल घेण्याची, मांडण्याची, विकण्याची पद्धत बदलली. तीच इथं क्रमानं लिहितोय.

आधी कायदा, थोडक्यात

१९७५ च्या कायद्यानं सिगारेटच्या पाकिटावर एक ओळीचा वैधानिक इशारा आला. आपल्यातल्या जुन्या लोकांना तो आठवत असेल, बारीक अक्षरात कडेला छापलेला. आता जो कायदा लागू आहे तो २००३ चा, सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांचा. बोली भाषेत सगळे त्याला 'कोटपा' म्हणतात. त्याची कलमं ७ ते १० पाकिटावरच्या इशाऱ्याबद्दल आहेत आणि कलम २० शिक्षेबद्दल. चित्रं प्रत्यक्षात आली ३१ मे २००९ पासून, तीही फक्त पुढच्या बाजूच्या ४० टक्के जागेत. १ एप्रिल २०१६ पासून इशारा ८५ टक्के झाला आणि दोन्ही बाजूंना आला.

एक गैरसमज बाजारात अजून फिरतो, की "कोर्टानं ते ८५ टक्के रद्द केलंय". कर्नाटक उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये तो नियम रद्द केला होता हे खरं. पण जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. ८५ टक्के लागू आहे. कुणी सेल्समन दुसरं सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

माल दारात आल्यावर

पहिली तपासणी बिलाची. बिल नाही तर माल नाही, मग तो ओळखीचा असो की पाहुण्यातला. बिलावर विकणाऱ्याचं नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक आणि मालाचा तपशील हवा. उद्या पाकिटात खोट निघाली तर "मी हे इथून घेतलं" असं दाखवायला आपल्याजवळ तेवढा एकच कागद असतो. माझ्याजवळ तो नव्हता.

दुसरं, बॉक्स फोडून निदान एक पाकीट हातात घ्या. ठोक वाहतुकीच्या खोक्यावर चित्र नसलं तर चालतं, कारण ते गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही. गिऱ्हाइकाला जे पाकीट, डबी, पुडी मिळते त्या प्रत्येकावर मात्र इशारा हवाच.

पट्टी घ्या आणि मोजा

शाळेची १५ सेंटीमीटरची पट्टी गल्ल्यात ठेवा. मी ठेवतो, आणि नवीन माल आला की दोन मिनिटांत मोजून होतं.

माझ्या कपाटातलं वीस सिगारेटचं एक पाकीट घेऊ. उंची ८.५ सेंटीमीटर, रुंदी ५.५. म्हणजे पुढच्या बाजूचं क्षेत्रफळ झालं ४६.७५ चौरस सेंटीमीटर. त्याचे ८५ टक्के साधारण ३९.७. इशारा या कडेपासून त्या कडेपर्यंत पूर्ण रुंदीत असतो, त्यामुळं क्षेत्रफळाच्या भानगडीत न पडता नुसती उंची मोजली तरी पुरतं: ८.५ चे ८५ टक्के म्हणजे ७.२ सेंटीमीटर. वरच्या कडेपासून पट्टी लावा. ७.२ पर्यंत इशारा आला पाहिजे. ब्रँडच्या नावाला खाली उरतो जेमतेम १.३ सेंटीमीटरचा पट्टा, अंगठ्याच्या नखाएवढा.

त्या ७.२ मध्येही वाटणी ठरलेली आहे. एकूण जागेच्या ६० टक्क्यांत चित्र, २५ टक्क्यांत मजकूर. आपल्या पाकिटावर चित्र ५.१ सेंटीमीटर आणि मजकूर २.१ च्या आसपास. आता पाकीट उलटं करा आणि मागच्या बाजूला हेच पुन्हा मोजा. बनावट मालात बहुतेक वेळा मागची बाजू कच्ची असते.

मोजताना आणखी तीन गोष्टी बघा. इशारा वरच्या कडेला लागून आहे ना; खाली सरकवून ब्रँड वर घेतलेला चालत नाही. इशाऱ्याची दिशा आणि पाकिटावरच्या बाकीच्या मजकुराची दिशा एकच आहे ना. आडवं किंवा उलटं छापलेलं चालत नाही. आणि छपाई. नियमात चार रंग आणि किमान ३०० डीपीआयची (म्हणजे एका इंचात छपाईचे किती ठिपके, त्याची) स्पष्टता सांगितली आहे. दुकानात डीपीआय कोण मोजणार, पण अस्सल पाकिटावर जखमेच्या कडा स्पष्ट दिसतात, तर नकली पाकिटावर चित्र धुतल्यासारखं, तपकिरी डाग पडल्यासारखं दिसतं. दोन शेजारी ठेवली की कळतं.

लहान पाकीट किंवा पुडी असेल तर आकाराची खालची मर्यादा आहे: इशारा किमान ३.५ सेंटीमीटर रुंद आणि ४ सेंटीमीटर उंच. गोल डबी असेल तर समोरासमोरच्या दोन बाजूंना इशारा लागतो.

मिरजेत माझ्या मेहुण्याची स्टेशनच्या रस्त्याला टपरी आहे. तिकडं निपाणी जवळ, बिडीचा खप मोठा. त्याला हे सगळं सांगत होतो तर त्यानं एक बंडल पुढं केलं. "दाजी, ह्याची पुढची बाजू कुठली आन् मागची कुठली?" प्रश्न रास्त होता. बिडीचं बंडल एका टोकाला निमुळतं असतं. अशा शंकूसारख्या पाकिटाला इशारा सगळ्यात रुंद टोकाला हवा. बंडलं घेताना रुंद टोक वर करून बघायची सवय लावा. आणि बंडल फोडून दहा-बारा बिड्या कागदात गुंडाळून देणं बंद करा. त्या कागदावर कुठला इशारा असणार?

मजकूर, भाषा आणि तारीख

२०१८ पासून मजकुराची मांडणी अशी ठरली आहे: इशाऱ्याचं वाक्य लाल पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात, आणि खाली काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरात तंबाखू सोडण्यासाठीचा फोन नंबर, १८००-११-२३५६. हा नंबर नसलेलं आजचं पाकीट बाजूला काढा.

भाषेबद्दल बऱ्याच जणांना वाटतं की महाराष्ट्रात मराठी सक्तीची असेल. तसं नाही. पाकिटावर जी भाषा वापरली आहे त्या भाषेत इशारा लागतो. एकाहून जास्त भाषा असतील तर दोन भाषांत, त्यातली एक ब्रँडच्या नावाची. म्हणून इंग्रजी-हिंदी इशाऱ्याचं पाकीट साताऱ्यात बेकायदा ठरत नाही. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी वयस्क माणसांना यातलं काहीच वाचता येत नाही. त्यांच्यासाठी त्या पाकिटावर फक्त चित्रच आहे.

तारीख महत्त्वाची आहे, कारण चित्रं ठरावीक मुदतीनं बदलतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालय दोन चित्रांचा संच जाहीर करतं. पहिलं १२ महिने चालतं, मग दुसरं. उदाहरण सांगतो. जुलै २०२२ च्या अधिसूचनेनुसार १ डिसेंबर २०२२ पासून तयार झालेल्या मालावर 'तंबाखूमुळे वेदनादायक मृत्यू' या अर्थाचा इशारा होता आणि वर्षभरानं 'तंबाखू घेणारे लवकर मरतात' या अर्थाचा. नियम विक्रीच्या दिवसाला बघत नाही, तयार झाल्याच्या, आयात झाल्याच्या किंवा पॅक झाल्याच्या दिवसाला बघतो. म्हणजे ऑक्टोबर २०२३ ला तयार झालेल्या पाकिटावर पहिलं चित्र बरोबर, पण जानेवारी २०२४ ला तयार झालेल्या पाकिटावर तेच चित्र चूक. पाकिटाची तारीख आणि चित्र यांची सांगड घालून बघा. चालू चित्रं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांची रंगीत प्रत काढून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा; कामावरच्या पोरालाही मग विचारावं लागत नाही.

पाकिटावर अजून काय हवं, काय नको

मालाचं नाव, तयार करणाऱ्याचं किंवा आयात वा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, नगांची संख्या, तारीख, आणि परदेशी माल असेल तर देश. वर एमआरपी. माझ्या त्या पांढऱ्या पाकिटांवर आयात करणाऱ्याचं नाव नव्हतं, एमआरपी नव्हती. कडेला इंग्रजीत दोन ओळींचा त्यांच्या देशातला इशारा होता, तो आपल्याकडं धरत नाहीत.

'लाइट', 'माइल्ड', 'लो टार' असे शब्द पाकिटावर चालत नाहीत. ही हलकी, ती सौम्य असा समज करून देणारं काहीही चालत नाही. हे तोंडानं सांगणंही सोडा. "ही घ्या, ही हलकी येते" हे वाक्य मी अनेक वर्षं रोज बोलत होतो.

आणि चित्र आहे म्हणजे माल विकायला मोकळीक, असंही समजू नका. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे, नंतरच्या आदेशांत सुगंधित तंबाखू आणि मावाही आला. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी. यांच्या पुडीवर कितीही मोठा इशारा असला तरी ठेवू नका. जर्दा, साधा तंबाखू, मशेरीच्या डब्या यांना सिगारेटसारखाच ८५ टक्क्यांचा नियम आहे. मशेरीची डबी तर बायका घरी नेतात आणि ती न्हाणीघराच्या कोनाड्यात पडून राहते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांमध्ये धूर काढणारे ३.८ टक्के होते आणि धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. सिगारेटचं पाकीट तपासून जर्द्याची पुडी तशीच सोडली तर निम्म्याहून जास्त काम राहून गेलं.

मांडणी

कायद्याचं म्हणणं असं की पाकीट उघडण्याआधी इशारा गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे. म्हणून किमतीची पट्टी, ऑफरचं स्टिकर, रबर बँड, काहीही चित्रावर लावू नका. चित्र झाकण्यासाठी पाकिटावर चढवायची फॅन्सी कव्हरं मिळतात, ती विकू नका. पाकिटं लहान पोरांच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. ६० बाय ३० सेंटीमीटरचा फलक लावा, की १८ वर्षांखालच्या व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणं गुन्हा आहे. गल्ल्यावर १८ वर्षांखालचा मुलगा बसवून त्याच्या हातून हा माल विकून घेणं हेही नियमाबाहेर. शाळा-कॉलेजच्या बाहेरच्या भिंतीपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत विक्रीच नाही; अंतर सरळ रेषेत मोजतात, रस्त्याच्या वळणानं नाही.

सुटी सिगारेट

सगळ्यात अवघड पायरी ही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची.

महाराष्ट्र शासनानं २४ सप्टेंबर २०२० ला सुट्या सिगारेट आणि सुट्या बिडीच्या विक्रीवर बंदी घातली. कारण साधं आहे: सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही, म्हणजे इशारा दिसत नाही. वर मोजलेले सगळे सेंटीमीटर आपण पाकीट फोडून एक सिगारेट हातावर ठेवली की वाया जातात. आणि सुटी कोण घेतं? नवीन शिकणारा पोरगा. पाकीट घ्यायला पैसे नसतात आणि घरी न्यायची हिंमत नसते.

आमच्या दुकानाच्या खांबाला वडिलांच्या काळापासून पेटता काथ्या लटकलेला असायचा. सुटी घ्यायची, काथ्याला लावायची, तिथंच उभं राहून ओढायची. लाकडावर त्याचा काळा ओघळ अजून आहे. बंदीचं कळलं तरी मी काही महिने तो तसाच ठेवला होता. माल जप्त झाल्यानंतर पहिल्यांदा तो सोडवून टाकला, मग सुटी बंद केली. हा क्रम तुम्हीही धरा. पेटवायची सोय गेली की निम्मी सुटी मागणारी माणसं आपोआप पुढं जातात.

उरलेल्यांशी बोलावं लागतं. वाद घालू नका, एक वाक्य ठरवून ठेवा. माझं असं आहे: "सुटी बंद केली दादा, सरकारी बंदी आहे, पाकीट देतो." बहुतेक जण कुरकुर करून निघून जातात. "काय राव, रोजचं गिऱ्हाईक मी!" म्हणणारे असतात, त्यांनाही तेच वाक्य. एकाला दिली की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. पहिले दोन-तीन महिने गल्ला कमी भरला, ते खोटं बोलणार नाही. सुटीत वरचे सुटे पैसे मिळतात, पाकिटात ठरलेलं कमिशन. मी त्या कपाटाचा एक कप्पा मोकळा करून तिथं राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की ठेवली. भरपाई पूर्ण झाली नाही, पण दुकान चालतंय.

तपासणीला कुणी आलं तर

पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी, अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी, किंवा त्याच दर्जाचा अधिकार दिलेला दुसरा अधिकारी दुकानाची झडती घेऊ शकतो आणि नियमाबाहेरचा माल जप्त करू शकतो. ओळखपत्र नम्रपणे मागा, बिलाची फाइल पुढं करा, पंचनामा वाचूनच सही करा आणि प्रत घ्या. जप्त माल ९० दिवसांहून जास्त ठेवायचा असेल तर जिल्हा न्यायाधीशांची मंजुरी लागते. कोर्टानं माल सरकारजमा केला तरी त्याच्या किमतीएवढी रक्कम भरून तो परत मिळवण्याची मुभा कोर्ट देऊ शकतं, पण विकण्याआधी प्रत्येक पाकिटावर इशारा हवा या अटीवर.

इशारा नसलेला माल विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन हजारांपर्यंत दंड. कारखानदाराला पहिल्या वेळी दोन वर्षं किंवा पाच हजारांपर्यंत, पुढच्या वेळी पाच वर्षं आणि दहा हजारांपर्यंत. दंडाचा आकडा बघून कुणी हसेल, पण कैदेचा आकडाही त्याच कलमात आहे. लहान मुलाला तंबाखू देण्याबद्दल बालन्याय कायद्याचं कलम ७७ आणखी कडक आहे: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

तुम्ही दुकानदार नसाल, पालक किंवा शिक्षक असाल आणि बिनचित्राचं पाकीट सापडलं, तर ते फेकून देऊ नका. पुढून, मागून आणि दोन्ही कडांनी फोटो काढा, कुठं आणि कधी मिळालं ते लिहा. जवळचं पोलीस ठाणं, अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय, किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखालचा तंबाखू नियंत्रण कक्ष, यांपैकी कुठंही लेखी द्या आणि पोच घ्या. साताऱ्यात त्यासाठी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात विचारा.

तो काळा पट्टा

२०१६-१७ च्या त्याच पाहणीत देशातल्या सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्के जणांनी सांगितलं होतं की पाकिटावरचा इशारा बघून सोडावंसं वाटलं. बिडीवाल्यांत ५४ टक्के. वाटणं आणि सुटणं यांत अंतर असतं, आणि त्यासाठीच तो नंबर आहे. फोन फुकट लागतो, पलीकडं समुपदेशक असतात. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेत हे काम २०१६ ला सुरू झालं, नंतर मुंबईच्या टाटा मेमोरियलसारखी केंद्रंही जोडली गेली.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या पेठेतले एक आबा बिडीचं बंडल घ्यायला आले. बंडल घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. मग म्हणाले, "ह्या काळ्यावर काय लिवलंय रं?" मी नंबर वाचून दाखवला आणि कशाचा आहे ते सांगितलं. "लाव बघू," म्हणाले. माझ्याच फोनवरून लावला. ते तांदळाच्या पोत्यावर बसून बोलले, दिवसाला किती ओढता, पहिली उठल्यावर किती वेळानं, असं पलीकडून विचारत होते, आणि आबा बोटं मोजून उत्तरं देत होते. बंडल गल्ल्यावरच राहिलं होतं. जाताना त्यांनी ते घेतलं नाही, पैसेही परत मागितले नाहीत.

त्या दिवशी मी दुकानातल्या दरांच्या फळ्यावर, तूरडाळ आणि साखरेच्या खाली, खडूनं मोठ्या अक्षरात तो नंबर लिहिला. पुसट झाला की पुन्हा गिरवतो.